कानांवर हात ठेवणारे मूल हट्टी नसते

आठवडी बाजाराच्या दिवशी देवगाव रंगारीत शिरताना बहुतेकांना काही विशेष वाटत नाही. भाजीवाल्यांच्या आरोळ्या, मोटारसायकलींचे हॉर्न, दुकानाबाहेरचा स्पीकर, तळणीचा वास, मिरचीचा ठसका, अंगाला घासून जाणारी गर्दी हे सगळे पाच मिनिटांत अंगवळणी पडते. पण त्याच गर्दीत एखादे चार-पाच वर्षांचे मूल अचानक कानांवर हात दाबते, किंचाळते, रस्त्यातच लोळण घेते. आई ओशाळते. भोवती बघे जमतात. कुणी म्हणते, ‘लाडावून ठेवलंय’. कुणी दोन धपाटे घालायला सांगते. कुणी नजर उतरवायचा सल्ला देते. मूल हट्टी आहे, हा निकाल तिथल्या तिथे लागतो. तो पुष्कळदा चुकीचा असतो.

कान, डोळे, नाक, त्वचा यांच्याकडून मेंदूला अखंड माहिती मिळत असते. तिच्यातली बरीचशी मेंदू बाजूला सारतो. अंगावरच्या कपड्याचा स्पर्श किंवा पंख्याची घरघर थोड्या वेळाने जाणवेनाशी होते, ती त्यामुळेच. काहींच्या मेंदूत ही गाळणी पुरेशी काम करत नाही. प्रत्येक आवाज, प्रत्येक वास, प्रत्येक धक्का सारख्याच जोराने आत येतो आणि सवयीने बोथट होत नाही. मेंदूला तो धोका वाटतो. छातीत धडधड होते, घाम फुटतो, पळून जावेसे वाटते. यालाच ‘सेन्सरी ओव्हरलोड’, म्हणजे इंद्रियांवरचा अतिभार म्हणतात. हा वेगळा आजार नव्हे, ही एक अवस्था आहे.

स्वमग्न मुलांमध्ये ती वारंवार दिसते. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपली निदानपुस्तिका सुधारली, तेव्हा आवाज, प्रकाश, स्पर्श यांना अति किंवा अगदी कमी प्रतिसाद देणे या लक्षणाचा स्वमग्नतेच्या निकषांत समावेश केला. मात्र हा त्रास फक्त स्वमग्न मुलांनाच होतो असे नाही. अतिचंचल मुले, अर्धशिशीचे रुग्ण, डोक्याला मार लागून गेलेली माणसे, मोठ्या आघातातून गेलेले लोक आणि स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध यांनाही तो होतो. लग्नाच्या मंडपातून आजोबा न जेवता उठून जातात, तेव्हा ते रुसलेच असतील असे नाही.

हट्ट आणि अतिभार ओळखायचा कसा? हट्टाला काहीतरी हवे असते. फुगा मिळाला की तो थांबतो, आणि मध्येच मूल कोण बघते आहे याचा अंदाजही घेते. अतिभारात फुगा देऊन काही होत नाही. शांत, सावलीच्या जागी नेल्यावर मूल हळूहळू निवते आणि नंतर गळून जाते, कधी झोपते. त्याआधी खुणाही दिसतात: कानांवर हात, डोळे मिचकावणे, आईचा पदर घट्ट धरणे, स्वतःशी गुणगुणणे, डोलणे, एकदम गप्प होणे. मोठ्यांमध्ये चिडचिड, डोकेदुखी, मळमळ, समोरच्याचे बोलणे न समजणे आणि तिथून निघून जाण्याची घाई दिसते. या खुणा ओळखून वेळीच बाजूला नेले, तर पुढचा प्रसंग टळू शकतो.

त्या क्षणी समजावणे, प्रश्न विचारणे, ओरडणे व्यर्थ असते. बोलणे हाही त्या घडीला आणखी एक आवाजच असतो. गर्दीतून बाहेर काढावे, कमी शब्दांत बोलावे, मुलाला चालत असेल तरच घट्ट धरावे आणि वाट पाहावी. मारल्याने मूल शांत झाल्यासारखे वाटले, तरी ते घाबरून गप्प झालेले असते.

रोजच्या व्यवहारातही काही गोष्टी जमण्यासारख्या आहेत. बाजाराला गर्दी व्हायच्या आत जावे. कुठे जायचे, किती वेळ लागेल, हे मुलाला आधी सांगावे. टोपी, कान झाकणारे हेडफोन सोबत ठेवावेत. पण दिवसभर कान झाकून ठेवू नयेत, कारण त्याने कान आवाजाला आणखी हळवे होऊ शकतात. मुलाला कायमचे घरात कोंडणे हा तर उपाय नव्हेच. सोसेल तितक्या बेताने, हळूहळू सवय लावावी लागते. कानाचे दुखणे किंवा ऐकण्यातला दोष नाही ना, हे आधी तपासून घ्यावे. ‘सेन्सरी थेरपी’च्या नावाने महागडी पॅकेजे घेण्याआधी दोनदा विचार करावा. व्यवसायोपचाराचा काही मुलांना उपयोग होतो, पण खात्रीने बरे करण्याचा दावा करणाऱ्यापासून लांब राहिलेले बरे.

देवगावच्या आईबापांपुढे तपासणीला जायचे कुठे, हा खरा प्रश्न असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. त्यासाठी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत येतात. त्यांच्यापुढे मुलाचे हे वागणे आवर्जून सांगावे, वजन-उंची मोजून घेऊन परत येऊ नये. पुढील तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात बालरोग आणि मानसोपचार विभाग आहेत. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, त्यामुळे पात्र मुलाला प्रमाणपत्र मिळू शकते.

पण सगळा भार घरावरच टाकणे न्यायाचे नाही. ‘आमच्या वेळी गोंगाट नव्हता का?’ असा प्रश्न हमखास येतो. होता. पण तो सनई-ताशाचा, माणसांच्या गळ्यांचा होता. आज वरातीपुढे डीजेची भिंत चालते. आवाज दहा डेसिबलने वाढला की त्याची तीव्रता दहापट होते, हे गणित फार थोड्यांना माहीत असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र करता येते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सरकारने खास सवलत दिलेले सणांचे थोडे दिवस तेवढे वगळून. ही तरतूद पाळायला ना निधी लागतो ना यंत्रसामग्री. लागतो तो नाही म्हणण्याचा धीर, कारण वरात आपल्याच भावकीतली असते.

ऑस्ट्रेलियातील कोल्स या दुकानसाखळीने २०१७ मध्ये आठवड्यातून एक तास दिवे मंद ठेवून आणि संगीत बंद करून दुकाने चालवायला सुरुवात केली. देवगावच्या बाजाराला दिवे मंद करायची गरज नाही. ग्रामसभेने ठरवले, तर बाजाराच्या पहिल्या तासाभरात स्पीकर बंद राहू शकतात. शाळेला घंटेपासून आणि दारापासून लांबचा बाक देता येईल. दवाखान्यात अशा मुलाला रांगेत ताटकळत न ठेवता आधी बोलावता येईल. लग्नघरात एक खोली बिनस्पीकरची ठेवता येईल. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत, आणि त्याचा फायदा तान्ह्या बाळाला, बाळंतिणीला, रक्तदाबाच्या रुग्णालाही होतो.

हे झाले नाही तर काय होते, तेही पाहायला हवे. चार वेळा चारचौघांत शरमिंदी झालेली आई पाचव्यांदा मुलाला बाहेर नेत नाही. अंगणवाडी सुटते, मग शाळा सुटते. तपासणीही होत नाही, कारण पथक येते तेव्हा मूल घरात असते. ज्या वयात मदतीचा सर्वाधिक उपयोग होतो, तीच वर्षे निघून जातात. बाजारात लोळणाऱ्या मुलाभोवती घोळका जमला असेल, तर त्यातल्या एकाने तरी गर्दी मागे सारावी, शेजारच्या दुकानदाराला स्पीकर बंद करायला सांगावा आणि त्या माउलीला पलीकडची सावली दाखवावी.