शब्द हरवतो, तो कोणत्या भाषेतला?

साठीच्या आसपासचे गृहस्थ डॉक्टरांसमोर बसलेले असतात. डॉक्टर घड्याळ दाखवून विचारतात, 'हे काय?' ते मनगटाकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, 'ते... वेळ बघायचं.' रस्ता ते चुकत नाहीत, काल काय जेवले तेही आठवतं. फक्त नेमका शब्द सापडत नाही. सोबतचा मुलगा सांगतो, 'वर्षभर बाबा गप्प गप्प झालेत.' मग पुढची उत्तरंही तोच देऊ लागतो.

अचानक वाचा गेली तर तो बहुधा पक्षाघात असतो; अशा वेळी एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावं. पण महिनोन् महिने हळूहळू शब्द निसटत असतील, तर वेगळ्या आजाराचा विचार करायला हवा. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ मार्सेल मेसुलम यांनी १९८२ मध्ये असे सहा रुग्ण नोंदवले. या आजाराला पुढे 'प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया' हे नाव मिळालं. यात मेंदूचा भाषा सांभाळणारा भाग आधी झिजतो. स्मरणशक्ती आणि व्यवहारज्ञान सुरुवातीला बरंचसं शाबूत असतं. अनेकांना तो पासष्टीच्या आतच गाठतो. घरचे मात्र त्याला बहिरेपणा, नैराश्य किंवा 'आता वय झालं' म्हणून सोडून देतात.

ही झीज थांबवणारं औषध आज नाही. वाचा उपचारांचा उपयोग मात्र होतो. रोजच्या गरजेचे शब्द, नातवंडांची नावं, दुकानात किंवा फोनवर लागणारी ठरावीक वाक्यं यांचा चित्रांच्या आधारे नियमित सराव केला, तर सराव केलेले शब्द अनेक रुग्णांकडे काही महिने, काहींकडे त्याहून जास्त काळ टिकतात. पुढे बोलणं फारच कमी होईल तेव्हासाठी फोटोंची वही आधीच तयार ठेवता येते.

प्रश्न उभा राहतो तो भाषेचा. सोलापुरातल्या अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात, बाजारात मराठी आणि कचेरीत हिंदी-इंग्रजी. अशा माणसाची चाचणी एकाच भाषेत घेतली तर निदान चुकू शकतं. 'मी भाकरी खाल्ला' हे वाक्य जन्मभर मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी आलं तर तो धोक्याचा इशारा असू शकतो. पण ज्याची मातृभाषा कन्नड आहे, तो कदाचित तरुणपणापासून तसंच बोलत असेल. त्याची चूक आजाराच्या खात्यात टाकणं हा अन्याय आहे. उलट, कचेरीतल्या सवयीचं इंग्रजी ठीक वाटलं म्हणून घरच्या भाषेतली पडझड नजरेआड होणं, हाही अन्यायच. मुलाने जागच्या जागी प्रश्नांचं भाषांतर केलं तर चाचणीला अर्थ उरत नाही. कोणती भाषा कधी शिकली, कुणाशी बोलतात, पूर्वी किती चांगली येत होती, हे आधी विचारायला हवं. त्याला पाच मिनिटं लागतात.

'आता एकच भाषा बोला, डोक्याला ताण नको,' हा सल्लाही सर्रास दिला जातो. त्याला आधार नाही. हैदराबादेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा गाठत असल्याचं दिसलं. म्हणजे दुसरी भाषा हा मेंदूवरचा बोजा नव्हे. वाचा उपचारांबाबतचे अभ्यास थोड्या रुग्णांवरचे आहेत, पण दोन्ही भाषांत सराव दिल्यावर दोन्हींत फायदा झाल्याचं त्यांत दिसतं. 'पाणी-पानी'सारखे जवळचे शब्द अशा वेळी हाताशी असतात. शिवाय बायकोशी एका भाषेत आणि नातवाशी दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्या माणसाची एक भाषा काढून घेणं म्हणजे त्याचं एक नातंच तोडणं.

तरीही मराठी रुग्णाला ही सोय सहज मिळत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्मृतिभ्रंशाच्या निदानासाठी चाचण्यांचा संच तयार केला, तो सुरुवातीला हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषांत. मराठी त्यात नव्हती. प्रशिक्षित वाचा उपचारतज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या जिल्हा केंद्रांत लहान मुलांसाठी या तज्ज्ञाची तरतूद आहे. आठवड्यातून एक दिवस तेच दार प्रौढांसाठी उघडलं आणि त्याला लागणारं जादा मनुष्यबळ दिलं, तर सुरुवात करता येईल.

'बरा न होणाऱ्या आजारावर खर्च कशाला?' असं कुणी विचारेल. मधुमेहही बरा होत नाही, पण त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. इथे तर वेळ मोजकीच असते: शब्द शिल्लक आहेत तोवरच त्यांचा सराव होऊ शकतो. घरच्यांनी तोवर एवढं करावं: माणूस शब्द शोधत असेल तर घाईने त्याच्या तोंडात शब्द घालू नये, थोडं थांबावं. आणि तपासणीला जाताना सांगावं, 'डॉक्टर, हे घरी या भाषेत बोलतात.'