मनोगताच्या पानाला गुण द्या

दहावीच्या मराठी प्रकल्पवहीत अगदी शेवटी एक पान असतं. मथळा 'मनोगत' किंवा 'या उपक्रमातून मी काय शिकलो'. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतल्या मराठी शाळांतल्या अशा वह्या मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. या पानावर बहुतेक वेळा एकच मजकूर असतो: हा प्रकल्प करताना मला खूप आनंद झाला, माझ्या ज्ञानात मोलाची भर पडली, मार्गदर्शन करणाऱ्या सरांचा मी ऋणी आहे. विषय कधी पाणीटंचाई असतो, कधी संतसाहित्य, कधी आपला परिसर. आनंद आणि ज्ञानातली भर मात्र बदलत नाही. माझ्या मते संपूर्ण वहीत सगळ्यात महत्त्वाचं पान हेच आहे, आणि तेच सगळ्यात कमी वाचलं जातं.

आधी गुणांचा हिशोब पाहू. कर्नाटकाची एसएसएलसी परीक्षा ६२५ गुणांची. त्यातले १२५ गुण पहिल्या भाषेचे, बाकी पाच विषयांना प्रत्येकी १००. मराठी पहिली भाषा घेणाऱ्या मुलाची लेखी परीक्षा १०० गुणांची होते आणि उरलेले २५ शाळा देते. म्हणजे भाषेच्या गुणांचा पाचवा हिस्सा शिक्षकाच्या हातात आहे. त्यासाठी वर्षात चार 'एफए' म्हणजे आकारिक मूल्यमापनं होतात, त्यांत छोट्या चाचणीबरोबर उपक्रम असतात. मुलं त्यांना 'अ‍ॅक्टिव्हिटीचे मार्क' म्हणतात आणि ते जवळजवळ पूर्ण मिळणार हे गृहीत धरतात.

असं का झालं, हे समजून घेतलं पाहिजे. सहा विषय, चार एफए आणि प्रत्येक वेळी दोन उपक्रम धरले तरी एका मुलाच्या वाट्याला वर्षात ४८ उपक्रम येतात. सीमाभागातल्या अनेक मराठी शाळांत पुरेसे कायम शिक्षक नाहीत, अतिथी शिक्षकांवर तास चालतात. त्यातच गुण भरायची तारीख जवळ येते. मग वहीची जाडी, मुखपृष्ठाचा रंग आणि अक्षराचं वळण पाहून सही होते. मुलांनाही हे दिसतं. ती झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत चित्रं आणतात, मोबाइलवर मिळालेला मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवतात. पालक त्या चित्रांचे पैसे देतात. सगळे कष्ट करतात, पण त्या कष्टांतून लेखन घडत नाही.

मग हे गुण काढूनच टाकावेत का? शेजारच्या महाराष्ट्राने ते करून पाहिलं आहे. २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषा विषयांतले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण रद्द झाले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पालकांत, शिक्षकांत खळबळ उडाली आणि पुढच्याच वर्षापासून ते गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. चर्चा झाली ती टक्क्यांची. गुण गेले तेव्हा मुलं चांगलं लिहू लागली का आणि परत आले तेव्हा काय लिहू लागली, हा प्रश्न बाजूलाच राहिला. मला त्यातून एवढंच कळतं की गुण ठेवल्याने किंवा काढल्याने लेखन सुधारत नाही. गुण कशासाठी द्यायचे, हे ठरवल्याने सुधारतं.

बिदरच्या मुलाला लेखनाचा वारसा शोधायला लांब जावं लागत नाही. १४७२ साली बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने या शहरात मदरसा उभारला. त्याची भव्य इमारत आजही, पडझड झालेली का होईना, शाळांच्या सहलींत दाखवली जाते. याच गवानने पत्र कसं लिहावं यावर 'मनाझिर-उल-इन्शा' हा ग्रंथ फारसीत लिहिला. त्याच्या पत्रांचा संग्रह 'रियाझ-उल-इन्शा' या नावाने प्रसिद्ध आहे. लेखन शिकवणाऱ्या या माणसाचा शेवटही एका कागदानेच झाला. त्याच्या मोहरेचं बनावट पत्र विरोधकांनी सुलतानापुढे ठेवलं आणि १४८१ मध्ये त्याला ठार करण्यात आलं. त्यानंतर बहमनी राज्य सावरलं नाही. खाली नाव एकाचं आणि मजकूर दुसऱ्याचा, असा कागद किती घातक ठरतो हे आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात लिहिलेलं आहे. वहीवर मुलाचं नाव आहे ना, मग आतली वाक्यंही त्याचीच असली पाहिजेत. एवढा आग्रह शाळेने धरायलाच हवा.

आणि मुलांची स्वतःची वाक्यं निघतील असे विषय इथे पावलोपावली आहेत. बिदरी कामाचा कारखाना घ्या. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूचं भांडं ओततात, त्यावर नक्षी कोरतात, खाचेत चांदी बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांच्या गरम द्रावणात भांडं बुडवलं की धातू काळा होतो आणि चांदी चमकत राहते. कोणती माती चालते हे कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात. हे मोबाइलवर वाचून उतरवणं आणि कारागिराजवळ बसून, 'चाचा, ही माती खारट लागते की तुरट?' असं विचारून लिहिणं यात लेखनाचा सगळा फरक आहे. नौबादची सुरंग बावी आहे, जमिनीखालून पाणी आणणारी. भीमा-अमरजा संगमावरचं गाणगापूर आहे, जिथे महाराष्ट्रातून येणाऱ्या भाविकांवर किती जणांची चूल पेटते हे विचारता येईल. कलबुर्गीची तूर आहे. १९४८ च्या मे महिन्यात गोरटा गावात झालेलं हत्याकांड आणि १७ सप्टेंबरला संपलेली निजामाची राजवट ज्यांना अजून आठवते, अशी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना विचारायला उशीर करून चालणार नाही.

इथल्या मुलाजवळ आणखी एक बळ आहे, ज्याला आपण उगाच उणेपण समजतो. तो कारागिराशी दखनी उर्दूत बोलतो, शेतकऱ्याशी कन्नडमध्ये, आणि वहीत मराठी लिहितो. त्याची मराठी 'शुद्ध' नाही म्हणून त्याला हिणवलं जातं. पण इतिहासकार सेतुमाधवराव पगडी याच मुलखातले. ते १९१० साली निलंग्याला जन्मले. निलंगा त्या वेळी बिदर जिल्ह्यातच होतं, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेलं. या बहुभाषी मुलखातला हा माणूस उर्दू-फारसीचा जाणकार झाला, त्याने गोंडी भाषेचा अभ्यास केला आणि मराठीत इतिहासाचे ग्रंथ लिहिले. चार भाषा कानावर पडणाऱ्या मुलाला जे ऐकलं ते नेमक्या मराठीत आणावं लागतं. याहून चांगला लेखनाचा सराव कोणताही पाठ देऊ शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: एका एफएच्या मराठी उपक्रमात मुखपृष्ठ, चित्रं आणि पानांची संख्या यांना एकही गुण देऊ नये. गुण चार गोष्टींना द्यावेत. मुलाने प्रत्यक्ष कोणाला विचारलं, त्याची नोंद. पहिला कच्चा मसुदा, खाडाखोडीसह. त्यावरून केलेलं दुसरं लेखन. आणि मनोगत. या मनोगतात आनंद झाला, भर पडली असं काही नको. तीन प्रश्नांची उत्तरं पुरेत. सुरू करताना मला काय माहीत नव्हतं? पहिल्या मसुद्यातलं मी काय बदललं आणि का? मी कुठे अडलो? 'आजोबा कन्नडमध्ये जे म्हणाले ते मराठीत कसं लिहावं मला सुचेना, म्हणून मी ते दोनदा विचारलं,' असं एक वाक्य जरी मुलाने लिहिलं तरी तो लिहायला शिकला असं मी मानीन. अर्ध्या पानाचा मजकूर वाचायला शिक्षकाला वहीची पन्नास पानं चाळण्यापेक्षा कमी वेळ लागतो. आणि अडलेली जागा उतरवून काढता येत नाही, कारण ती प्रत्येकाची वेगळी असते.

काही जण म्हणतात, खरं लेखन गुणांसाठी होतच नाही. या मुलखाने ते दाखवूनही दिलं आहे. निजामाच्या राज्यात शिक्षणाची भाषा उर्दू होती, तेव्हा भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरू बाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकवत. गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, १९०७ मध्ये नूतन विद्यालय उभं राहिलं. तिथल्या पिढ्यांनी आपली भाषा कोणत्याही जादा गुणांशिवाय जपली. हे सगळं मान्य. पण आजच्या मुलाचा वेळ गुणांप्रमाणे वाटला जातो. ४८ उपक्रमांच्या गर्दीत ज्याला गुण नाहीत ते मागे पडतं. म्हणून गुण हवेत, फक्त ते योग्य पानावर पडले पाहिजेत.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की या वर्षी एकच एफए अशी करून पाहा आणि निवडक मनोगतं शाळेच्या भिंतीवर लावा. २०२२ मध्ये उदगीरला ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा आपल्याकडची मुलं गाड्या भरून गेली. तेवढ्याच उत्साहाने आता त्यांचं लेखन वाचायला गुलबर्गा विद्यापीठाच्या मराठी विभागाने, लातूर-उदगीरच्या दैनिकांनी पुढे यावं. पालकांनी रंगीत प्रिंटचे पैसे वाचवून मुलाला बसभाडं द्यावं, म्हणजे त्याला कारखान्यात, विहिरीवर, आजोळी जाऊन विचारता येईल. मराठीत २५ पैकी २५ गुण मिळवून शाळेबाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला निदान एक पान स्वतःचं लिहिता आलं पाहिजे. ते येत नसेल, तर ते गुण आपण त्याला दिलेले नाहीत, त्याच्याकडून काढून घेतले आहेत.