शिकायला की हिंडायला?

मैत्रिणींनो, श्रावणातली आपली धांदल मी तुम्हाला वेगळी सांगायला नको. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, त्याच धांदलीत माझी भाची चार आठवडे जर्मनीला, हायडेलबर्गला, शिकायला गेली. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला श्रावण, हे आपल्या आधी ध्यानातच येत नाही. ताईला वाटलं होतं, मे महिन्याच्या सुट्टीत पोरगी जाऊन येईल. प्रत्यक्षात इथलं कॉलेज चालू, हजेरीची कटकट, आणि गणपती २७ ऑगस्टला! पण ती कलिन्याला जर्मन घेऊन एम. ए. करते. तिच्या बाईंनीच ‘जरूर जा’ म्हटल्यावर हजेरीचं निभावलं.

पैशाचं मात्र निभावणं सोपं नव्हतं. ताईचं घर मुलुंडला, दोन खोल्यांचं. भावजींनी मुदत ठेव मोडली. जर्मन सरकारच्या पैशावर चालणारी डीएएडी नावाची संस्था अशा उन्हाळी वर्गांना शिष्यवृत्ती देते, पण तिचे अर्ज आदल्या वर्षअखेरीसच जातात, आणि आमच्याकडे हा विषय निघाला फेब्रुवारीत. तुमच्यापैकी कुणाची मुलगी जर्मन शिकत असेल तर दिवाळीचा फराळ झाला की लगेच चौकशीला लागा. पदवीची दोन वर्षं झालेली असावी लागतात.

ताईने पोरीकडून एक वचन घेतलं होतं. सोमवार ते शुक्रवार वर्ग, आणि शनिवार-रविवार खोलीवर बसून अभ्यास. ‘आम्ही ठेव मोडली ती शिकण्यासाठी, हिंडण्यासाठी नव्हे.’ पोरीने मान डोलावली. मीही तिथेच बसले होते, शेंगा सोलत. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं, कारण जो कोणी भाषा शिकवतो त्याला ठाऊक असतं की वर्गात माणूस वाचायला शिकतो, बोलायला नाही. मी स्वतः सकाळच्या शाळेत दोन तास इंग्रजी शिकवते. माझी मुलं व्याकरणात पैकीच्या पैकी मिळवतात आणि पाहुण्यांसमोर पडद्याआड पळतात! पण ताई थोरली. तिच्यासमोर बोलायची मला सवय नाही.

पहिल्याच शनिवारी मला निरोप आला, ‘मावशी, मी स्पायरला जाऊन आले. आईला सांगू नकोस.’

आणि मी सांगितलं नाही.

हे स्पायर हायडेलबर्गपासून लोकलने तासाभरावर. अकराव्या शतकातलं प्रचंड कॅथीड्रल आहे तिथे, १९८१ पासून जागतिक वारशाच्या यादीत. पण पोरीने मला कॅथीड्रलचं दोन ओळीत सांगितलं आणि गाडीतल्या आजीबाईंचं दोन पानं. आजीबाईंनी विचारलं, ‘कुठून आलीस?’ ही म्हणाली, ‘मुंबई.’ मग तिकडे पाऊस किती, घरी कोण कोण, डाळ कशी शिजवता, हे सगळं जर्मनमधून! वर्गात वाक्य जुळवायला पाच मिनिटं घेणारी मुलगी डाळीची कृती सांगताना एकदाही अडखळली नाही म्हणे. क्रियापद शेवटी टाकायचं असतं त्या भाषेत, आपल्यासारखंच बरंचसं. आजीबाई शेवटपर्यंत वाट पाहत बसल्या, एवढंच.

दुसऱ्या आठवड्यात ती ब्लॅक फॉरेस्टकडे गेली आणि चुकली. तिकडे एकच गाडी वाटेत दुभंगते. पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. आपल्याकडे कल्याणनंतर कसाऱ्याची आणि कर्जतची वाट वेगळी होते ना, तसंच. फक्त इथे निदान गाडी तरी आख्खी जाते! डब्यात घोषणा झाली होती, पण हिने कान दिला नाही. भलत्या गावात उतरली, तास-दीड तास फलाटावर बसली, वेळापत्रक वाचलं, दोघांना विचारलं, आणि परत आली. ‘आता घोषणा झाली की माझे कान ससासारखे उभे राहतात,’ असं लिहिलं होतं. वर्गातल्या ऐकण्याच्या परीक्षेत पुढच्या आठवड्यात तिला सर्वांत जास्त गुण पडले, तो योगायोग मी मानत नाही.

खर्चाचं विचाराल तर हिंडणं महाग पडलं नाही. तिकडे महिन्याचा एक पास मिळतो, देशभरातल्या साध्या गाड्या, बस, ट्राम सगळ्यांना चालणारा. २०२३ च्या मे महिन्यात तो ४९ युरोला सुरू झाला, भाची गेली तेव्हा ५८ होता, आणि जानेवारी २०२६ पासून ६३ झाला. युरो तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास होता, तो हिशेब करा. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना मात्र हा पास चालत नाही. म्हणजे स्लो लोकलचा पास म्हणा ना! आणि एक मेख आहे. तो पास आपोआप पुढच्या महिन्याला चालू राहतो. नको असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावा लागतो. भाची विसरली. सप्टेंबरचे ५८ युरो मुलुंडला बसून भरले. त्या पैशात आमच्याकडे महिन्याचा किराणा येतो.

नदीपलीकडच्या फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गलाही ती जाऊन आली. सीमेवरच्या केल गावातून ट्राम पलीकडे जाते, तिचं तिकीट वेगळं. शेंगेन व्हिसा असला की सीमेवर पुन्हा व्हिसा नको. पण पासपोर्ट जवळ हवाच, झेरॉक्स नव्हे. चार आठवड्यांच्या वर्गाला हाच अल्पमुदतीचा व्हिसा पुरतो. त्याची फी ९० युरो, आणि किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. विम्यात काटकसर करू नका.

आता डब्याकडे वळते, कारण पत्रांत तुम्ही हेच विचाराल. ताईने हौसेने साजूक तूप आणि पेढे बांधले होते. मी ते काढायला लावले. बाहेरच्या देशांतून दूध-दुभत्याचे पदार्थ सामानातून नेणं युरोपात चालत नाही. हापूसही नाही, कढीलिंबाची हिरवी पानंही नाहीत. मग मेटकूट, थालीपिठाची भाजणी, भाजलेले पोहे, लसणीची कोरडी चटणी, गोडा मसाला आणि घाटकोपरहून आणलेले खाकरे असं दिलं. तांदूळ, डाळ, दही तिकडे मिळतं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात फोडणी मात्र बेताने! पहिल्याच दिवशी मोहरी तडतडली आणि छतावरचा धुराचा भोंगा वाजला. चार मजल्यांची मुलं खाली. तेव्हापासून ती खिडकी उघडून, मंद आचेवर, झाकण हातात धरून फोडणी करू लागली. शिवाय रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच दूध-पाव आणून ठेवावा. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या फेकू नयेत, दुकानात परत दिल्या की पंचवीस सेंट मिळतात. हे मला आपल्या रद्दीवाल्यासारखं वाटून फार आवडलं.

असो. तिसऱ्या रविवारी ताईला कळलं. प्रवासाच्या कार्डावर खर्च झाला की भावजींच्या मोबाईलवर संदेश यायचा, हे आम्हा दोघींच्याही लक्षात नव्हतं. स्ट्रासबुर्गच्या दुकानाचं नाव आलं. ताईने घाबरून मला फोन केला, ‘अगं, कुणी कार्ड चोरलं की काय? फ्रान्समध्ये खर्च होतोय!’ आता मी काय करणार? खरं सांगितलं. पलीकडे एवढी शांतता झाली की मला तिच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ती म्हणाली, ‘म्हणजे तुला माहीत होतं.’ आणि फोन ठेवला.

मैत्रिणींनो, त्यानंतरचे दहा-बारा दिवस मला फार जड गेले. पोरगी हिंडली याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण त्या एका मिनिटात ताई घाबरली ती माझ्यामुळे. पहिल्या शनिवारीच ‘तिला जाऊ दे, मी सांगते म्हणून’ असं मी ताईला म्हणायला हवं होतं. भांडण झालं असतं, पण दोन्हीकडून झालं असतं. आमचे हे म्हणाले, ‘तू भाचीची बाजू घेतलीस तीही चोरून.’ ते खरंच होतं.

ताईची भीतीही खोटी नव्हती. पोरगी रात्री नऊला बाहेरून फोन करायची, आणि मागे लख्ख उजेड! ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो. सातच्या आत घरात म्हणायचं तरी कुठल्या घड्याळाने?

मध्यस्थी शेवटी आईने केली. आमचं कुलदैवत खंडोबा. पोरीने आजीला फोनवर सांगितलं होतं की आपल्या खंडोबावर, धनगरांवर आयुष्यभर काम केलेले प्राध्यापक सोन्थायमर हे याच हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतले, १९९२ साली वारले. आईने ताईला सुनावलं, ‘तो बाबा एवढ्या लांबून येऊन आपल्याकडे धनगरांबरोबर रानोमाळ हिंडला, म्हणून त्याला कळलं. तो खोलीवर बसला असता तर?’ ताई गप्प. मीही संधी साधून इरावतीबाई कर्व्यांचं काढलं. १९२८ साली त्या बर्लिनला शिकायला निघाल्या तेव्हा सासऱ्यांना, म्हणजे स्त्रीशिक्षणासाठी हयात घालवणाऱ्या महर्षी कर्व्यांनाच, ते पसंत नव्हतं. ताई म्हणाली, ‘त्यांच्या यजमानांनी पाठवलं होतं ना? उघड पाठवलं. चोरून नाही.’ यावर मला बोलायला जागाच नव्हती.

पोरगी गौरींच्या आदल्या दिवशी परत आली. दुसऱ्या दिवशी गौरी आणल्या, तिसऱ्या दिवशी पुरणपोळीच्या पंगतीला मी बोरिवलीहून गेले. ताई वाढत होती. भाची मोबाईलवर आजीला स्पायर दाखवत होती. ताईने वाढता वाढता वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘आत जायला तिकीट असतं का गं?’ मग माझ्या पानाशी आली. नेहमीची तुपाची धार धरली, नेहमीपेक्षा जरा जास्तच, आणि वर न बघता म्हणाली, ‘जेवून थांब. मला तुझ्याशी बोलायचंय.’