रूपचंदाची कैफियत

आमचे एक पक्षिमित्र भलतेच काटेकोर आहेत. १९६८ साली झालेल्या कर्नाळ्याच्या अभयारण्यात ते मला भल्या पहाटे, चहाशिवाय, झाडाखाली उभं करतात आणि विचारतात, "सांगा, लालबुड्या बुलबुल की शिपाई बुलबुल?" मी नुसतं "बुलबुल" म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. "अहो, बूड दोघांचंही लालच! गाल बघा, तुरा बघा!"

हेच गृहस्थ दुपारी हमरस्त्यावरच्या एका खानावळीत 'पापलेट फ्राय'वर तुटून पडले. गाल नाही, तुरा नाही, काही नाही. आता, पापलेटचा मधला काटा एकदा उचलला की माणूस निर्धास्त गप्पा मारू शकतो. इथे घासाघासाला दुफाटे काटे! मी मसाला खरवडून माशाचं तोंड उघडलं. आत चौकोनी, सपाट, अगदी माणसासारखे दात. माझ्यापेक्षा चार जास्तच असतील. पापलेटच्या चिमुकल्या तोंडात एवढी कवळी मावते कुठे?

मालकांना बोलावलं. ते म्हणाले, "साहेब, पापलेटच आहे. गोड्या पाण्यातलं."

गोड्या पाण्यातलं पापलेट! उद्या म्हशीला गोठ्यातला हत्ती म्हणाल! पापलेट समुद्राचं, २०२३ साली ते महाराष्ट्राचा राज्यमासा झालं. माझ्या ताटात होता तो दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन-ओरिनोकोकडचा पाकू, आपल्या बाजारातला रूपचंद. २००३-०४ च्या सुमारास तो बांगलादेशामार्गे इकडे आला आणि तळ्यांत पोसला जाऊ लागला. पापलेटला पोटाखाली परांची जोडी नसते, याला असते. शिवाय शेपटीच्या अलीकडे पाठीवर एक इवलासा मांसल पर. ओळखायला दुर्बीण लागत नाही.

"चवीला काय फरक पडतो?" असं पक्षिमित्रांनी विचारलं. पडत नसेल तर बिलही रूपचंदाच्या भावाने करा की! तो पापलेटच्या निम्म्या भावातही मिळतो.

बरं, ही झाली मेल्यानंतरची विटंबना. जिवंतपणीची आणखी वेगळी. हाच मासा तळ्यात कुणाच्या गळाला लागला की गावभर बोंब, "पिरान्हा सापडला! पोरांना पाण्यात सोडू नका!" दोघं एकाच कुळातले, बांधा सारखा, पोट दोघांचंही तांबूस, तो शेपटीजवळचा पर दोघांनाही, हे मान्य. पण तोंड बघा ना! पिरान्ह्याचे दात त्रिकोणी, करवतीसारखे, आणि खालचा जबडा भांडखोर माणसासारखा पुढे आलेला. पाकूचे दात दाढांसारखे, कारण पुराच्या पाण्यात बुडालेल्या जंगलात पडलेली फळं नि कठीण बिया फोडून खाणं हा त्याचा मूळ व्यवसाय. पिरान्हासुद्धा बिचारा म्हणतात तेवढा राक्षस नाही. थिओडोर रूझवेल्टने १९१४ साली आपल्या प्रवासवर्णनात त्याला जो बदनाम केला तो केलाच.

पाकू अगदीच साधुसंत आहे असं मी म्हणत नाही. शेततळ्यातून निसटून किंवा हौशी मंडळींच्या काचपेटीतून सुटून तो आपल्या नदीत शिरला, तर तिथल्या माशांच्या ताटात वाटेकरी होणारच. पण तो आरोप त्याच्या खऱ्या नावाने ठेवा! ताटात पापलेट आणि तळ्यात पिरान्हा, म्हणजे गिऱ्हाइकाकडून पैसे उकळायचे एका नावाने आणि गावाला भिववायचं दुसऱ्या.

एवढं तावातावाने बोलून घरी आलो आणि कळलं, की बंगालीत 'रूपचांदा' म्हणजे मुळात पापलेटच! म्हणजे बिचाऱ्याला इथे मिळालेलं नावसुद्धा उसनं.

हे मी पनवेलच्या बाजारातल्या मावशींना सांगितलं. टोपलीतला रूपचंद उचलून त्या म्हणाल्या, "नाव कायबी असू दे भाऊ, मी पापलेट सांगून इकत नाय. साफ करून देऊ का?"

घेतला. सौ.ने आमसूल घालून कालवण केलं. पक्षिमित्रांना जेवायला बोलावलं होतं. पहिला घास घेऊन ते म्हणाले, "वा! हलवा आणलात वाटतं?"