रेस लागत नाही? आधी मोजा, मग खर्च करा



आपल्या पुष्कळ घरांची चूल आज गाडीच्या चाकावर चालते. कोणी वेरूळ-अजिंठ्याला पाहुणे नेतो, कोणी वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत पाळीचे कामगार पोहोचवतो. गाडी बहुधा जुनी, दुसऱ्या-तिसऱ्या हाताची, आणि डोक्यावर हप्ता. अशी गाडी चार दिवस दारात उभी राहिली की घरात काय होते, ते सांगायला नको. म्हणून आज माझ्या भाच्याच्या गाडीची हकीकत सांगतो. तिच्यात माझीही एक चूक आहे, तीही सांगणार आहे.

भाच्याकडे २०१२ सालची डिझेल गाडी आहे. गेल्या पावसाळ्यात तो चाळीसगावहून प्रवासी घेऊन संभाजीनगरला येत होता. कन्नडच्या औट्रम घाटात, भर चढावर गाडीने दम सोडला. रेस कितीही दाबली तरी इंजिन बाराशे-तेराशे फेऱ्यांच्या वर जाईना. समोर पिवळा चेक लाईट लागला. चारी इंडिकेटर लावून, पहिल्या गिअरवर रांगत रांगत त्याने कसाबसा घाट चढला.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितले, “ईसीएम गेला. पस्तीस हजार लागतील.” ईसीएम म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. संध्याकाळी माझी धाकटी बहीण रुमालात काहीतरी बांधून आमच्या घरी आली.

“दादा, हे गहाण ठेवते. नातीची फीसुद्धा याच महिन्यात भरायची आहे. गाडी चालली तरच जमेल.”

मी म्हणालो, “रुमाल परत ने. आधी मोजू, मग खर्चाचं बोलू.”

आता मोजायचे काय, ते समजून घ्या. पूर्वी रेसच्या पेडलला तारेची केबल असे. केबल तुटली की डोळ्यांना दिसे. आताच्या बहुतेक गाड्यांत केबल नाही. पेडलच्या वरच्या अंगाला एक सेन्सर असतो. तुम्ही पाय किती दाबला, हे तो व्होल्टमध्ये कॉम्प्युटरला कळवतो. एकाच्या सांगण्यावर भरवसा नको म्हणून आत दोन ट्रॅक असतात, म्हणजे एकाच गोष्टीचे दोन साक्षीदार. दोघांच्या साक्षी जुळल्या नाहीत तर कॉम्प्युटर कोणाचेच ऐकत नाही. तो इंजिनाला एका ठरावीक कमी वेगावर बांधून ठेवतो. गॅरेजमध्ये याला लिम्प मोड म्हणतात. म्हणजे घाटात गाडी बसली ती कॉम्प्युटर मेला म्हणून नव्हे. उलट तो जागा होता म्हणून बसली.

पहिले काम, स्कॅनर लावणे. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. ओळखीच्या मेकॅनिककडे स्कॅनर लावून कोड कागदावर लिहून घ्या. आमच्या गाडीत पी २१३८ आला. त्याचा अर्थ, दोन साक्षी जुळत नाहीत. पी २१२२ किंवा पी २१२७ आला तर एखाद्या ट्रॅकचे व्होल्ट फार खाली गेलेले असतात. पण लक्षात ठेवा, कोड म्हणजे फक्त पत्ता. त्या घरात चोर कोण, हे कोड सांगत नाही. दोष सेन्सरचा असेल, तारेचा असेल, कपलरचा असेल.

दुसरे काम फुकटाचे आहे. ब्रेक दाबून मागचे लाल दिवे पाहा. पाय काढल्यावरही दिवे पेटलेले राहिले किंवा दाबूनही लागले नाहीत, तर ब्रेक स्विच खराब आहे. ब्रेक दाबलेलाच आहे असा समज झाला तर अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर रेस कापतो. असा स्विच स्वस्तात मिळतो आणि लोक मात्र पेडल बदलत बसतात.

तिसरे काम, कपलर. चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि पेडलवरचा कपलर सोडवा. आमच्या गाडीत पावसाचे पाणी मॅटखाली मुरले होते. दोन पिनांवर हिरवट कीट चढला होता आणि एका तारेचे वरचे प्लॅस्टिक पत्र्याला घासून सोलले होते. मी कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून ब्रशने पिना साफ केल्या. सोललेली तार नीट जोडून तिच्यावर स्लीव्ह चढवली. कोड पुसला. गाडी पळाली. खर्च तीनशेच्या आत. बहिणीने दुसऱ्या दिवशी पुरणपोळी पाठवली आणि मीही मिशीला पीळ दिला.

इथेच माझी चूक झाली. दोष सापडला म्हणून मी पुढचे मोजलेच नाही. सोळा दिवसांनी वेरूळच्या वाटेवर, दौलताबादच्या घाटात, गाडी पुन्हा बसली. आत एक म्हातारी आजी आणि दोन लेकरे होती. भाच्याने फोनवर एवढेच विचारले, “मामा, आता काय करू?” त्या प्रश्नाने मला फार लाज वाटली.

त्या रात्री मी चौथे काम केले. ते पहिल्याच दिवशी करायला हवे होते. हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रल केली, चावी ऑन ठेवली, इंजिन बंद. मल्टिमीटर घेतला. सेन्सरला बहुधा सहा तारा असतात. दोन पाच व्होल्टच्या, दोन अर्थिंगच्या आणि दोन साक्ष देणाऱ्या. कोणती तार कोणती, हे त्या गाडीच्या वायरिंगच्या नकाशावरून पाहावे, रंगावरून अंदाज करू नये. कपलर लावलेलाच ठेवून मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवली. पाच व्होल्ट बरोबर येत होते, अर्थिंगही ठीक होते. म्हणजे कॉम्प्युटर आपले काम करत होता. पस्तीस हजार तिथेच वाचले.

मग पेडल अगदी हळू, मुंगीच्या पावलाने दाबले. पुष्कळ गाड्यांत पाय काढलेला असताना एका तारेवर पाऊण व्होल्टच्या आसपास असते आणि पूर्ण दाबल्यावर ते चारच्या जवळ जाते. दुसऱ्या तारेवर त्याच्या निम्मे. आकडे गाडीगणिक बदलतात, पण व्होल्ट न अडखळता सरळ चढले पाहिजेत. इथे काट्याचा जुना मीटर उपयोगी पडतो, कारण क्षणाची उचकी काट्यात दिसते. पाव पेडलच्या जागी, जिथे ड्रायव्हरचा पाय रोज असतो, तिथेच काटा खाली पडून वर येत होता. वर्षानुवर्षे घासून ट्रॅक झिजला होता. कपलर खराब होताच, पण सेन्सरही खराब होता. एका घरात दोन चोर होते आणि मी एकाला धरून दार लावून घेतले होते.

झिजलेला ट्रॅक फवाऱ्याने बरा होत नाही. बऱ्याच गाड्यांत सेन्सर सुटा मिळत नाही, पूर्ण पेडल घ्यावे लागते. जुन्या पेडलवरचा पार्ट नंबर जुळवून आम्ही नवे आणले, साडेतीन हजारांत. बसवून कोड पुसला, पुन्हा मोजले, मगच गाडी रस्त्यावर काढली. काही गाड्यांत नवे पेडल स्कॅनरने ओळखवून द्यावे लागते, ते दुकानदाराला आधी विचारा.

आता एक धोक्याची गोष्ट. २००९ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात दुसऱ्या मॉडेलची मॅट पेडलमध्ये अडकून गाडी सुसाट सुटली आणि एकाच कुटुंबातील चौघे दगावले. टोयोटा कंपनीला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नासाच्या इंजिनिअरांनी तपास केला. २०११ च्या अहवालात गाड्या सुसाट सुटण्यामागे इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. अडकणारी मॅट आणि चिकटणारे पेडल हीच कारणे पुढे आली. म्हणून एका मॅटवर दुसरी टाकू नका. मॅट हुकात अडकवा.

कधी रेस अडकलीच तर ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा, पंप करू नका. गाडी न्यूट्रल करा आणि बाजूला घ्या. थांबल्यावरच चावी बंद करा. चालत्या गाडीत चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होईल. आणि लिम्प मोडमधली गाडी घेऊन घाटात शिरू नका. स्टिअरिंगजवळच्या पिवळ्या वेष्टनातल्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नका.

मल्टिमीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो. चार ड्रायव्हरांनी मिळून एक घेतला तरी चालेल. गॅरेजवाला मोठा आकडा सांगेल तेव्हा भांडू नका. एवढेच विचारा, “भाऊ, कोणत्या तारेवर किती व्होल्ट आले?” ज्याने मोजले असेल तो सांगेल. ज्याने मोजले नसेल त्याच्या सांगण्यावर घरातला सोन्याचा मणी काढू नका.

भाचीची फी भरली गेली, म्हणजे बहिणीच्या नातीची. आता भाचा स्वतःच मीटर लावतो. परवा मी पेडल भराभर दाबायला लागलो तर म्हणाला, “मामा, हळू. मुंगीच्या पावलानं.”