नदीचे शास्त्र आणि सत्तेची घाई

१९ जुलै २०२५ रोजी चीनचे पंतप्रधान ली छ्यांग यांनी तिबेटमध्ये यार्लुंग त्सांगपो नदीवरील महाकाय जलविद्युत प्रकल्पाच्या कामाचा प्रारंभ केला. हीच नदी अरुणाचलात सियांग आणि आसामात ब्रह्मपुत्रा म्हणून ओळखली जाते. प्रकल्पाचा अंदाजित खर्च १.२ लाख कोटी युआन असून वर्षाला सुमारे ३०० अब्ज युनिट वीज मिळेल असा चीनचा हिशेब आहे. या वार्तेने आपल्याकडे चिंता उमटली, ती साहजिकच होती. तथापि एवढे धाडस अंगावर घेण्याचे सामर्थ्य त्या देशाने कोठून मिळविले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग नानजिंग शहरात सापडतो. तेथील होहाई विद्यापीठ हे जलअभियांत्रिकी व जलविद्युत या विषयांना वाहिलेले चीनचे एक प्रमुख विद्यापीठ आहे. १९१५ मध्ये त्याचा पाया घातला तो चांग च्यान या गृहस्थांनी. राजदरबारच्या परीक्षेत १८९४ साली सर्वप्रथम आलेला हा पंडित पुढे कापडगिरणीचा चालक झाला आणि प्रजासत्ताकात मंत्रीही झाला. हुआई नदीच्या पुरांनी त्यांचा प्रांत वारंवार उद्ध्वस्त होत असे. पीत नदीने शतकानुशतके हुआईचे मुख बळकावून गाळाने भरून टाकले होते. हे दुखणे दूर करावयाचे तर आधी अभियंते हवेत, हे त्यांनी ओळखले. देशात अराजक आणि तिजोरीत खडखडाट असताना त्यांनी पैसा माणसे घडविण्यात घातला. अर्थशास्त्र ज्याला मानवी भांडवल म्हणते, त्याचा याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल. या संस्थेची पुढे अनेक स्थित्यंतरे झाली. १९५२ मध्ये पूर्व चीन जलसंपदा महाविद्यालय म्हणून तिची पुनर्रचना झाली आणि १९८५ मध्ये तिला मूळ नाव परत मिळाले.

येथवरची कथा अनुकरणीय आहे. परंतु ती येथेच थांबविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या हुआईसाठी ही शाळा निघाली, त्याच हुआईच्या खोऱ्यात ऑगस्ट १९७५ मध्ये बानच्याओ धरण फुटले आणि त्यापाठोपाठ अनेक धरणे कोसळली. सरकारी आकड्यानुसारच सव्वीस हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली. मागाहून आलेली उपासमार व रोगराई धरली तर ही संख्या कितीतरी पटींनी वाढते. चक्रीवादळाचा पाऊस असाधारण होता, हे खरे. परंतु पाणी साठविण्याच्या हव्यासापायी पूर सोडण्याची व्यवस्था अपुरी ठेवली जात आहे, असा इशारा छन शिंग या जलशास्त्रज्ञाने आधीच दिला होता. त्याला अतिसावध ठरवून बाजूस सारण्यात आले. दुर्घटनेची अधिकृत माहिती तर २००५ पर्यंत गोपनीयच राहिली. म्हणजे ज्ञानाचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो ज्ञानाने ‘नाही’ म्हटल्यावर ते ऐकून घेणाऱ्या व्यवस्थेचा.

आपण मात्र या कथेकडे पाहून समाधान मानू नये. १२ जुलै १९६१ चे पानशेत पुणेकर विसरलेले नाहीत. तेथेही मोरीचे काम अपुरे असताना पाणी अडविण्याची घाई झाली होती. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममध्ये हिमसरोवर फुटले आणि तीस्तेवरील १,२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचे धरण वाहून गेले. आता सियांगवर सुमारे ११,००० मेगावॉटचे धरण बांधून चीनला उत्तर द्यावे, असा विचार पुढे आला आहे. त्याच्या प्राथमिक सर्वेक्षणालाच आदी समाजातील अनेक ग्रामस्थांचा विरोध आहे. शेजाऱ्याच्या धरणाला आपले धरण हेच उत्तर, हा युक्तिवाद ऐकावयास बरा वाटतो. पण तोच भूकंपप्रवण हिमालय आणि तेच हिमसरोवरांचे संकट आपल्याही वाट्याला आहे, याचे काय?

वस्तुतः आपली परंपरा दुबळी नाही. रुडकीचे महाविद्यालय १८४७ चे, म्हणजे होहाईहून सदुसष्ट वर्षांहून जुने. खडकवासल्याचे जलसंशोधन केंद्र १९१६ चे. १९५५ मध्ये आशिया-आफ्रिकेतील अभियंत्यांसाठी जलसंपदा विकासाचे प्रशिक्षण केंद्र रुडकीलाच निघाले. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९८० मध्ये ‘वाल्मी’ स्थापन झाली. धरण बांधणारे हात आपल्याकडे आहेत. उणीव आहे ती नदीची माहिती खुली ठेवण्याची आणि तज्ज्ञाचे प्रतिकूल मत निर्णयापूर्वी लोकांपुढे मांडण्याची.

माहिती ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची ती कमी होत नाही, आणि दडविली तर तिची किंमत खालच्या अंगाला राहणारा गरीब शेतकरी मोजतो. पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेची जलमाहिती चीनने द्यावी असा करार २००२ मध्ये झाला होता. २०१७ च्या डोकलाम तणावात ती मिळाली नाही आणि २०२३ मध्ये कराराची मुदतही संपली. चीनकडे या माहितीचा आग्रह आपण धरलाच पाहिजे. मात्र शेजाऱ्याकडे पारदर्शकता मागणाऱ्याने स्वतःच्या दप्तरांवरील गोपनीयतेचे शिक्केही उतरविले पाहिजेत. तरच त्या मागणीला नैतिक वजन येईल.

चांग च्यान यांच्यापासून घेण्याजोगा धडा एक आहे: आधी अभियंता घडवावा, मग धरण. बानच्याओचा धडा त्याला जोडून घ्यावा लागेल: अभियंता घडविल्यावर त्याला बोलूही द्यावे. पहिल्या धड्यासाठी पैसा लागतो आणि तो अंदाजपत्रकात दाखविता येतो. दुसऱ्याला पैसा लागत नाही. बहुधा म्हणूनच तो आपल्याला अधिक महाग वाटतो.