कोच बदला, पण तारीख आधी सांगा

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघ दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडून ओळीने हरला, तेव्हा प्रशिक्षक अमोल मुझुमदारांना घरी पाठवा म्हणणाऱ्यांची वाण पडली नव्हती. सांगलीच्या विश्रामबागेत तर नाहीच. स्मृती मानधनाचं माधवनगर इथून जवळ, त्यामुळे ती खेळते तो संघ इथे घरचाच धरला जातो आणि घरच्याबद्दल बोलताना कुणी भीड ठेवत नाही. पुढे २ नोव्हेंबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर त्याच संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला आणि ती कुजबुज कधी नव्हतीच असं सगळे वागू लागले. माझ्या मते कुजबुजीचं कारण जेवढं तकलादू होतं, तेवढंच तिच्या थांबण्याचंही. दोन्ही वेळी प्रशिक्षकाची किंमत धावफलकावरून ठरली. प्रशिक्षक ठेवायचा की काढायचा हा वाद त्यामुळे कधी सुटत नाही. प्रशिक्षकाच्या कामाचा आढावा कधी आणि कशावरून घ्यायचा हे नेमणुकीच्या दिवशीच जाहीर झालं पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

ती का, हे गेल्या काही वर्षांचा हिशेब मांडला की कळतं. २०१७ च्या वसंतात, विश्वचषक जेमतेम दोन-तीन महिन्यांवर असताना, पूर्णिमा राव यांना हटवून तुषार आरोठे यांना आणलं. संघ लॉर्ड्सवर अंतिम सामन्यात पोहोचला, नऊ धावांनी हरला. वर्षभरात आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात बांगलादेशने हरवलं, खेळाडूंची नाराजी बाहेर आली आणि आरोठे गेले. मग रमेश पोवार. २०१८ च्या ट्वेन्टी-२० विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मिताली राज बाहेर बसली, संघ हरला आणि पुढचे काही दिवस पत्रांतून जे घडलं ते खेळाशी संबंधित कुणालाच शोभणारं नव्हतं. पोवार गेले, डब्ल्यू. व्ही. रामन आले. त्यांनी मार्च २०२० मध्ये संघाला मेलबर्नच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. ८६ हजारांवर प्रेक्षक होते त्या दिवशी. त्यानंतर साथीमुळे संघ वर्षभर एकत्र खेळलाच नाही. परतल्यावर मायदेशात दक्षिण आफ्रिकेकडून मालिका गमावली आणि मे २०२१ मध्ये रामन यांच्या जागी आले ते पुन्हा पोवारच! २०२२ मध्ये पोवारांच्या संघाने राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य घेतलं, इंग्लंडला त्यांच्याच देशात एकदिवसीय मालिकेत ३-० ने हरवलं. त्याच डिसेंबरात, ट्वेन्टी-२० विश्वचषक दोन महिन्यांवर असताना, त्यांची रवानगी राष्ट्रीय अकादमीत झाली. ऋषिकेश कानिटकर फलंदाजीचे प्रशिक्षक म्हणून आले, मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये मुझुमदार येईपर्यंत, सुमारे दहा महिने, रिकामी राहिली.

या यादीत सातत्य शोधू गेलं तर एकच सापडतं: निर्णयाची वेळ कुणालाच आधी माहीत नव्हती. कुणी पराभवानंतर गेलं, कुणी विजयानंतर, कुणी भांडणानंतर. ज्या खुर्चीचा मुक्काम ठाऊक नाही तिच्याबद्दल अफवा उठणारच. दोष पानपट्टीवर बोलणाऱ्याचा नाही. बोर्ड बोलत नाही म्हणून तो बोलतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यावसायिक लीगचा. तिथे तर दर हंगामाला प्रशिक्षक बदलतात, कुणाचं काय बिघडतं? उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या बास्केटबॉल लीगचं घेऊ. सिडनी किंग्जने चेस ब्युफर्ड यांच्या हाताखाली २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली. ते गेले, महमूद अब्देलफत्ताह आले, एका हंगामात त्यांचाही निरोप झाला आणि ब्रायन गुर्जियन परतले. याच गुर्जियन यांनी २००३ ते २००५ सलग तीन वर्षं किंग्जला जिंकवलं होतं. म्हणजे बदल हा त्या धंद्याचा भागच आहे, हे खरं. पण तिथे संघ महिनोनमहिने एकत्र असतो, खेळाडू विकत घेता येतात आणि हंगाम संपतो तो दिवस प्रशिक्षकालाही माहीत असतो. गुर्जियन यांचीच दुसरी नोकरी पाहा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय पुरुष संघाला त्यांनी टोकियोत ऑलिम्पिकचं पहिलं पदक, कांस्य, मिळवून दिलं. पॅरिसमध्ये सर्बियाविरुद्ध २४ गुणांची आघाडी घालवून संघ जादा वेळेत हरला. यापेक्षा जिव्हारी लागणारा पराभव कुठला असणार? पण बदल झाला तो ऑलिम्पिकचं वर्तुळ पूर्ण झाल्यावर, आणि नव्या माणसाला पुढच्या वर्तुळाची सुरुवात मिळाली. क्लब आणि देश यांच्यात असा फरक असतो.

स्मृतीच्याच बंगळूरु संघाचा दाखला कुणी देईल. २०२३ च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगमध्ये तो पाचात चौथा आला, बेन सॉयर यांच्या जागी ल्यूक विल्यम्स आले आणि २०२४ मध्ये चषक मिळाला. बदल फळला की! जरूर फळला. पण २०२५ मध्ये विल्यम्सच असताना तोच संघ पुन्हा चौथा आला. एका स्पर्धेवरून प्रशिक्षक जोखणं किती बेभरवशाचं आहे हे याहून स्पष्ट कसं सांगावं?

हेच मोजमाप मला माझ्याविरुद्धही लावलं पाहिजे. २०१७ चा लॉर्ड्सचा अंतिम सामना ऐनवेळी बदललेल्या प्रशिक्षकाने गाठला होता, मग २०२५ चा विश्वचषक स्थैर्याचा पुरावा कसा? नाहीच तो. अंतिम सामना हरलो असतो तरी माझं म्हणणं तेच राहिलं असतं, म्हणून निकाल बाजूला ठेवून कामाकडे पाहू. इंदूरला इंग्लंडविरुद्ध जास्तीचा गोलंदाज हवा म्हणून जेमिमा रॉड्रिग्जला वगळलं. सामना चार धावांनी गेला. पुढच्याच सामन्यात ती परतली, तीही तिसऱ्या क्रमांकावर, आणि न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६ करून गेली. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग तिच्या नाबाद १२७ धावांवर उभा राहिला. वगळणं चुकलं होतं की नाही यावर वाद घाला, पण चार दिवसांत आपलाच निर्णय फिरवायला खुर्ची डगमगत नाही असा भरवसा लागतो. तो मुझुमदारांना होता, कारण २०२४ च्या ट्वेन्टी-२० विश्वचषकात साखळीतच बाहेर पडल्यावरही बोर्डाने त्यांना हलवलं नव्हतं.

राष्ट्रीय प्रशिक्षक फलंदाजी शिकवत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. ते काम आपल्याकडे वस्तादाचं. स्मृतीचा हात सांगलीत अनंत तांबवेकरांकडे घडला आणि तो बदलणं कुठल्याही मुख्य प्रशिक्षकाचं काम नाही. १९१५ साली सांगलीतच जन्मलेल्या विजय हजाऱ्यांना ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट लाभले, तर या लेगस्पिनच्या महागुरूने त्यांची फलंदाजीची विचित्र ठेवण तशीच राहू दिली. त्याच ठेवणीने हजाऱ्यांनी १९४८ मध्ये ॲडलेडला दोन्ही डावांत शतकं काढली. वर पोहोचलेल्या खेळाडूला धडे नको असतात. आपण कितव्या क्रमांकावर खेळणार, दोनदा अपयश आलं तर काय होणार, हे त्याला ठाऊक हवं असतं. भूमिका अशा रुजायला विश्वचषक ते विश्वचषक एवढा काळ लागतो. दर अठरा महिन्यांनी माणूस बदलला की खेळाडूचा वेळ नव्या साहेबाच्या मर्जीचा अंदाज घेण्यातच जातो.

मग नालायक माणूस चार वर्षं सोसायचा का? अजिबात नाही. गैरवर्तन झालं तर त्याच दिवशी काढा. कामगिरीसाठी मात्र वर्तुळाच्या मध्यावर एक जाहीर आढावा ठेवा आणि स्पर्धेच्या आधीच्या सहा महिन्यांत बदल नको. खेळाडूंचं मतही याच आढाव्यात घ्यावं. २०१८ मध्ये पोवारांना कायम ठेवा म्हणून हरमनप्रीत आणि स्मृती यांनी बोर्डाला पत्रं लिहिली, मितालीची तक्रार त्याच्या नेमकी उलट होती. स्मृती तेव्हा बावीस वर्षांची होती. तिने लिहायला नको होतं असं काहींना वाटतं, मला वाटत नाही. विचारणारं कुणी नसेल तर माणूस पत्र लिहितो. आज ती उपकर्णधार आहे, तिचं मत वजनदार आहे, आणि ते नोंदवून घ्यायला बोर्डाकडे ठरलेली बैठक आणि ठरलेली तारीख असायला हवी.